मागच्या सस्पेन्शनचे झिजलेले बुश बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे काम स्वतः करू पाहणारे वाचक आणि मेकॅनिककडे गाडी देण्यापूर्वी ते समजून घेऊ इच्छिणारे वाचक, दोघांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा संबंध दुसऱ्याशी असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असणाऱ्यांनी निदान प्रश्न १५ वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नये, कारण नवे बुश लवकर फाटण्याचे सर्वांत मोठे कारण तेथे सांगितले आहे.

१. बुश म्हणजे नेमके काय, आणि मागच्या बाजूला ते कुठे कुठे असतात?

एकात एक बसणाऱ्या धातूच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधील जागेत भरलेले रबर, अशी बहुतेक बुशची रचना असते. बाहेरची नळी आर्मच्या, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या, भोकात घट्ट दाबून बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो गाडीच्या सांगाड्याला किंवा सबफ्रेमला (सांगाड्याखाली जोडलेल्या चौकटीला) आवळलेला असतो. मधले रबर उष्णता आणि दाब देऊन दोन्ही नळ्यांना पक्के चिकटवलेले असते, म्हणून आर्म वर-खाली होतो तेव्हा ते कुठेही घसरत नाही, स्वतः पिळले जाते आणि पुन्हा मूळ स्थितीला येते. बुश हे घासत फिरणारे बेअरिंग नसून पिळली जाणारी एक छोटी स्प्रिंग आहे, एवढे ध्यानात ठेवले तर पुढची बरीच उत्तरे आपोआप उलगडतात.

टॉर्शन बीम, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी आणि थोडी पिळली जाणारी आडवी तुळई, असलेल्या गाडीत बीमच्या पुढच्या दोन टोकांना दोन मोठे बुश असतात आणि मुख्य प्रश्न त्यांचाच असतो. मल्टिलिंक सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाकाला तीन ते पाच लिंक, म्हणजे सुट्या दांड्या, असतात आणि बहुतेक लिंकच्या दोन्ही टोकांना बुश असतात. त्यांत ट्रेलिंग आर्मचा (चाकापासून पुढे, गाडीच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या आर्मचा) पुढचा मोठा बुश सहसा सर्वांत आधी जातो. यांखेरीज सबफ्रेमचे, शॉकअपच्या खालच्या टोकाचे आणि अँटी-रोल बारचे (वळणावर गाडीचे झुकणे कमी करणाऱ्या आडव्या दांडीचे) बुश असतात. अँटी-रोल बारचे बुश बहुधा एका बाजूने चिरलेले असतात आणि क्लॅम्प सोडून सहज बदलता येतात, त्यामुळे त्यांचा विचार येथे स्वतंत्रपणे केलेला नाही.

२. एवढ्याशा रबराने गाडीच्या चालीत काय फरक पडतो? मागची चाके तर वळतही नाहीत.

मागची चाके स्टिअरिंगने वळत नाहीत, पण बुशच्या लवचिकतेमुळे ती थोडी वळतातच, आणि किती वळावीत व कोणत्या दिशेने वळावीत हे रचनाकारांनी ठरवलेले असते. १९७७ साली आलेल्या पोर्शे ९२८ या गाडीची मागची सस्पेन्शन रचना याच विचारावर उभी होती : वळणावर वेग कमी केला किंवा ब्रेक लावला की मागचे चाक किंचित आत वळावे आणि गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाऊ नये, अशी तिची आखणी होती. साध्या टॉर्शन बीमच्या गाड्यांतही अनेकदा पुढचे दोन बुश मुद्दाम तिरके बसवलेले असतात, जेणेकरून वळणावर आडवा जोर आला तरी अख्खा बीम चुकीच्या दिशेने वळू नये.

असा बुश फाटला की ठरवलेली हालचाल मोकाट होते. ब्रेक लावताना एक चाक मागे ओढले जाते, वेग वाढवताना ते पुढे येते आणि चालकाने स्टिअरिंग स्थिर धरलेले असूनही गाडी मागून वळल्यासारखी वाटते. म्हणून या कामाकडे केवळ खडखड बंद करण्याचे काम म्हणून पाहू नये.

३. बुश झिजल्याची लक्षणे कोणती?

सर्वांत परिचित लक्षण म्हणजे खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून जाताना मागून येणारा बोजड ‘धप्प’ असा आवाज. ब्रेक लावताना किंवा सोडताना एकदाच ‘ठक’ वाजत असेल, तर ट्रेलिंग आर्मच्या किंवा बीमच्या बुशचा संशय अधिक बळावतो, कारण त्या क्षणी पुढे-मागे जाणारा जोर त्याच बुशवर येतो. लेन बदलल्यावर गाडीचा मागचा भाग किंचित उशिराने सरकल्यासारखा वाटणे, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे धरावे लागणे, आणि मागच्या टायरची आतली कड लवकर झिजणे ही पुढची लक्षणे आहेत. टायरवरून उलट दिशेने हात फिरवल्यावर करवतीच्या दात्यांसारखे टोक जाणवत असेल, तर चाकाची दिशा बराच काळ चुकलेली आहे असे समजावे.

आवाज मात्र फसवा असतो. तो इतर कशाचा असू शकतो हे प्रश्न १९ मध्ये पाहा.

४. गॅरेजमध्ये न नेता तपासणी कशी करावी?

आधी गाडी चाकांवर उभी असतानाच टॉर्चच्या उजेडात बुश पाहावा. आतली नळी बाहेरच्या नळीच्या मध्यभागी आहे का, हा पहिला प्रश्न. काही बुशमध्ये ती मुळातच थोडी बाजूला असते, म्हणून डावा आणि उजवा बुश एकमेकांशी ताडून पाहावा. एक नळी मध्यावर आणि दुसरी एका कडेला टेकलेली दिसली, तर टेकलेला बुश गेलेला असतो.

त्यानंतर एखाद्या सहायकाने पुढच्या गिअरमध्ये आणि मग रिव्हर्समध्ये, हँडब्रेक लावलेला ठेवून, क्लच अगदी हलका सोडावा. बघणाऱ्याने गाडीच्या बाजूला, सुरक्षित अंतरावर राहावे. गाडीच्या पुढे, मागे किंवा खाली कोणीही नसावे. मागचे चाक मडगार्डच्या तुलनेत पुढे-मागे सरकताना डोळ्यांना दिसत असेल, तर वेगळा पुरावा लागत नाही. शेवटी गाडी स्टँडवर घेऊन (प्रश्न ११) आर्म आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये लांब टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच रेटावे. चांगला बुश थोडा दबतो आणि टॉमी सोडताच परत येतो. फाटलेल्या बुशमध्ये रबर आणि नळी यांच्यात काळी फट उघडते आणि बऱ्याचदा तिच्यातून रबराची बारीक भुकटी गळते.

टॉमी रेटताना तिचे टोक ब्रेकच्या पाइपवर किंवा ए.बी.एस. सेन्सरच्या वायरवर टेकणार नाही, याची काळजी घ्यावी.

५. रबरावर बारीक चिरा दिसतात. लगेच बदलावे का?

वरवरच्या, केसाइतक्या चिरा जुन्या रबरावर येतातच आणि त्या एकट्या बुश बदलण्याचे कारण ठरत नाहीत. चीर रबराच्या जाडीत खोल गेली असेल, नळीपासून रबर सुटले असेल, किंवा टॉमीने रेटल्यावर चीर उघडत असेल, तर बदलावे. येथे एका गैरसमजापासून सावध राहावे : अनेक बुशच्या रबरात कारखान्यातच अर्धचंद्राच्या आकाराच्या पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्यांच्या कडा गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंना सारख्या असतात, तर फाटलेल्या रबराची कड खरखरीत आणि वेडीवाकडी असते. या पोकळ्यांना फाटलेले समजून चांगले बुश बदलल्याची उदाहरणे कमी नाहीत.

६. झिजलेल्या बुशवर गाडी किती दिवस चालवता येईल?

दिवसांत उत्तर देता येत नाही, अवस्थेत देता येते. रबर अर्धवट फाटले आहे पण आतली नळी जागेवर आहे, अशा वेळी बेताच्या वेगाने गाडी चालवत सुटे भाग मिळेपर्यंत थांबता येते. या काळात टायर झिजत राहणार हे गृहीत धरावे. आतली नळी पूर्ण सुटली असेल, धातूवर धातू आपटत असेल किंवा ब्रेक लावताना गाडी बाजूला ओढत असेल, तर गाडी चालवू नये. अशा आपटण्याने ब्रॅकेटचे भोक लांबट होते, आणि मग बुशचे काम सांगाड्याच्या वेल्डिंगपर्यंत जाऊन पोचते.

७. एकाच बाजूचा बुश गेला आहे. दोन्ही बदलावेत का?

होय. दोन्ही बाजूंचे रबर एकाच वयाचे असते आणि तेवढाच भार सोसलेले असते. शिवाय एका बाजूला कडक नवे आणि दुसऱ्या बाजूला मऊ जुने रबर असले, तर दोन्ही चाके एकाच धक्क्याला निराळा प्रतिसाद देतात. अपघातात किंवा खोल खड्ड्यात आपटून एकच बुश फाटला असेल आणि दुसरा तुलनेने नवा असेल, तरच अपवाद करावा. मात्र अशा वेळी आर्मही वाकलेला नाही ना, हे आधी पाहावे.

८. फक्त बुश बदलावा की अख्खा आर्म?

पत्र्याच्या, दाबून बनवलेल्या लहान लिंकच्या बाबतीत बुशसह नवी लिंक घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे असते : प्रेसचे काम वाचते, बुशची दिशा कारखान्यातच ठरलेली असते आणि गंजलेला जुना भाग बाद होतो. टॉर्शन बीम, ओतीव ट्रेलिंग आर्म किंवा चाकाचा हब ज्यात बसतो तो नकल, असे मोठे भाग केवळ बुशसाठी बदलणे मात्र सहसा परवडत नाही. तेथे बुशच काढून बसवावा. काही आर्मचे बुश उत्पादक सुटे विकतच नाही. अशा वेळी मापात जवळपास बसणारा दुसरा बुश शोधण्यापेक्षा पूर्ण आर्म घ्यावा.

९. मूळ पद्धतीचे रबर घ्यावे की पॉलियुरेथेन?

रोजच्या वापराच्या गाडीसाठी आमचे मत स्पष्टपणे मूळ दर्जाच्या रबराच्या बाजूने आहे. पॉलियुरेथेन हे रबरासारखे प्लास्टिक सामान्यतः अधिक कडक असते, तेलाने लवकर खराब होत नाही आणि गाडीचा प्रतिसाद तीक्ष्ण करते. पण ते नळीला चिकटलेले नसते, नळीवर घासत फिरते. त्यामुळे बसवताना त्याला योग्य ग्रीस द्यावे लागते, काही काळाने पुन्हा द्यावे लागते, आणि हे न झाल्यास करकर सुरू होते. रस्त्याचा आवाज आणि कंपनेही त्यातून अधिक प्रमाणात आत येतात.

याहून महत्त्वाचा मुद्दा मल्टिलिंकच्या ट्रेलिंग आर्मचा आहे. हा आर्म वर-खाली होताना आडव्या लिंक त्याला बाजूलाही ओढतात, म्हणून त्याच्या पुढच्या बुशला पिळण्याबरोबर तिरके होण्याचीही मुभा लागते. तेथे एकाच दिशेत फिरणारा कडक बुश बसवला, तर सस्पेन्शन अडकते आणि तो ताण ब्रॅकेटवर येतो. पॉलियुरेथेन घ्यायचेच असेल तर त्या गाडीच्या त्याच जागेसाठी बनवलेले घ्यावे आणि सोबतची सूचना जुना बुश काढण्यापूर्वी वाचावी, कारण काही संचांमध्ये जुन्या बुशची बाहेरची नळी आर्ममध्येच ठेवायची असते.

१०. कोणती अवजारे लागतात?

गाडीच्या वजनाला पुरेल असा जॅक, किमान दोन मजबूत स्टँड, चाकांना लावायच्या उटी, लांब दांड्याचा पाना, सॉकेटचा संच, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकाच बोल्ट आवळता येणारा पाना), गंज सोडवणारे तेल, तारेचा ब्रश, हॅकसॉची पाती, छिन्नी आणि खुणेसाठी रंगाचा पेन हे किमान साहित्य आहे. बुश काढण्या-बसवण्यासाठी मजबूत बारीक आट्यांचा लांब स्क्रू आणि वेगवेगळ्या व्यासाच्या वाट्या असलेले ओढण-साधन लागते. आर्म गाडीपासून सुटा होत असेल तर हायड्रॉलिक प्रेस त्याहून चांगला. बाकी अवजारांत तडजोड चालते, पण स्टँड आणि टॉर्क रेंच यांच्या बाबतीत ती करू नये.

११. गाडी उचलताना विशेष काय सांभाळावे?

कठीण, सपाट जमीन निवडावी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावाव्यात आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. मागचे काम करताना हँडब्रेकवर भिस्त ठेवता येत नाही, कारण बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांवर चालतो. स्टँड उत्पादकाने दाखवलेल्या जागी, सांगाड्याखाली लावावेत. ज्या आर्मचे काम करायचे आहे त्याखाली लावू नयेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली क्षणभरही जाऊ नये. गच्च बोल्टला लांब पाना लावून ओढण्यापूर्वी गाडीला बाजूने जोरात हलवून ती स्टँडवर घट्ट आहे याची खात्री करावी. त्या बोल्टांचा पहिला फेरा शक्य असल्यास गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा.

उचलण्याआधी प्रश्न १५ मधील माप घ्यायला विसरू नये. नंतर ते घेता येत नाही.

१२. नट निघाला, पण बोल्ट बाहेर येत नाही. काय करावे?

बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून बसला आहे. हे या कामातील सर्वांत वेळखाऊ संकट आहे. ओळखण्याची खूण अशी : पाना फिरवला की बोल्टबरोबर आतली नळी फिरते आणि रबर पिळले जाताना दिसते, पण पाना सोडला की सगळे जागेवर परत येते. अशा बोल्टला कितीही फिरवले तरी तो सुटत नाही, कारण लावलेला जोर रबर खाऊन टाकते.

गंज सोडवणारे तेल नळीच्या दोन्ही टोकांना देऊन काही तास थांबावे आणि मग नट बोल्टच्या टोकाशी उलटा लावून त्यावर हातोड्याने ठोकावे, म्हणजे आटे बिघडत नाहीत. तरीही न सुटल्यास बुशच्या दोन्ही बाजूंना, नळीचे टोक आणि ब्रॅकेट यांच्यामधील फटीत हॅकसॉचे पाते घालून बोल्ट कापणे हाच सरळ मार्ग आहे. बुश तसाही जाणारच असतो, त्यामुळे नवा बोल्ट आणि नवा नट आधीच मागवून ठेवावा. मागच्या भागात इंधनाची टाकी आणि ब्रेकचे पाइप अगदी जवळ असतात, म्हणून गॅसच्या ज्योतीने बोल्ट तापवण्याचा मोह टाळावा.

बोल्टच्या डोक्याखाली एका बाजूला फुगीर, खुणा कोरलेली चकती दिसली तर तो अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांची दिशा जुळवण्याचा, विकेंद्री बोल्ट आहे. तो हलवण्यापूर्वी चकती आणि ब्रॅकेट या दोघांवरून जाणारी एक रेघ रंगाने ओढून ठेवावी.

१३. जुना बुश बाहेर कसा काढावा? रबर जाळून काढले तर चालेल का?

जाळू नये. जळत्या रबराचा धूर विषारी असतो, आर्मचा रंग आणि गंजरोधक लेप जातो, ॲल्युमिनियमच्या आर्मची ताकद उष्णतेने कमी होते आणि गाडीखाली हे करणे तर सरळ आगीला आमंत्रण आहे.

ओढण-साधनाने काढताना एका बाजूला बुशपेक्षा किंचित मोठ्या आतील व्यासाची वाटी लावावी, म्हणजे बुश तिच्यात शिरेल. दुसऱ्या बाजूला बुशच्या बाहेरच्या नळीवर टेकेल पण आर्मच्या भोकातून आरपार जाईल अशी वाटी लावावी. बुशला एका बाजूने कॉलर असेल तर तो कॉलरच्या दिशेनेच बाहेर येतो. स्क्रूला भरपूर ग्रीस द्यावे. ताण वाढत जातो, काहीच हलत नाही असे वाटते, आणि मग ‘काड’ असा मोठा आवाज होऊन गंजाची पकड सुटते. हा आवाज दचकवणारा असला तरी शुभ आहे, कारण त्यानंतर बुश सहसा एकसारखा सरकत येतो. चेहरा मात्र स्क्रूच्या सरळ रेषेत ठेवू नये आणि संरक्षक चष्मा घालावा.

साधन पुरेसे पडत नसेल तर रबरात सभोवार ड्रिलने भोके पाडून आतली नळी काढावी, मग हॅकसॉचे पाते आत घालून फक्त बाहेरच्या नळीला लांबीच्या दिशेने चीर द्यावी आणि छिन्नीने ती नळी आत वाकवावी. पाते नळीतून पार होताना आवाज आणि स्पर्श दोन्ही बदलतात. तेथे थांबावे. आर्मच्या भोकात खोल ओरखडा गेला तर पुढे तेथूनच तडा जाऊ शकतो.

१४. नवा बुश कोणत्याही दिशेने बसवला तर चालतो का?

नाही. प्रश्न ५ मध्ये उल्लेखलेल्या पोकळ्यांची दिशा ठरलेली असते : ज्या दिशेला पोकळी, त्या दिशेला बुश मऊ. ती दिशा चुकली तर एरवी आरामासाठी ठेवलेला मऊपणा आडव्या जोराच्या दिशेला येतो आणि नवा बुश असूनही गाडी डगमगते. जुना बुश काढण्यापूर्वीच त्याचे छायाचित्र घ्यावे, पोकळीच्या समोर आर्मवर रंगाची खूण करावी आणि बुश आर्मच्या कडेपासून किती बाहेर आहे तेही मोजून ठेवावे. जुना बुश आधी कोणीतरी चुकीचा बसवलेला असण्याची शक्यता असते, म्हणून ही खूण गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतील आकृतीशी ताडून पाहावी.

बसवताना आर्मचे भोक तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने साफ करावे. प्रेसचा दाब केवळ बाहेरच्या नळीवर द्यावा. आतल्या नळीवर दिल्यास पहिला किलोमीटर धावण्यापूर्वीच रबराचा सांधा सुटतो. वंगण म्हणून साबणाचे पाणी वापरावे, कारण खनिज तेल आणि साधे ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवून मऊ करतात. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवण्याची युक्ती निरुपद्रवी आहे, पण तिच्याकडून फार अपेक्षा करू नये : ५० मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी ४० अंश सेल्सिअसने थंड केली तरी ती सुमारे ०.०२ मिलिमीटरच आकसते.

बुश भोकात नुसत्या हाताने सरकत असेल तर बुश चुकीचा आहे किंवा आर्मचे भोक झिजले आहे. तो चिकट द्रव्याने पक्का करण्याचा प्रयत्न करू नये.

१५. बोल्ट गाडी चाकांवर असतानाच आवळावा असे का सांगतात? हवेत आवळणे किती सोपे असते!

कारण बोल्ट आवळण्याच्या क्षणी आर्म जसा असतो, तीच बुशची विश्रांतीची स्थिती ठरते. आतल्या नळीच्या टोकांना बऱ्याचदा बारीक दाते असतात. बोल्ट पूर्ण आवळला की ते दाते ब्रॅकेटच्या पत्र्यात रुततात आणि नळी तेथेच जखडली जाते. जुना बुश काढल्यावर ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला त्या दात्यांचा गोल ठसा स्पष्ट दिसतो. यानंतरची आर्मची सारी हालचाल एकट्या रबराला सोसावी लागते.

समजा, चाक हवेत लोंबकळत असताना आर्म नेहमीच्या स्थितीपेक्षा २० अंश खाली आहे आणि त्याच अवस्थेत बोल्ट आवळला. गाडी जमिनीवर येताच रबर २० अंश पिळले जाते, आणि गाडी रात्रभर उभी असली तरी ओले फडके पिळून धरावे तसे ते पिळलेलेच राहते. त्यावर खड्डा आला की आणखी १० अंशांची भर पडते. मूळ रचनेत या रबराने दोन्ही बाजूंना थोडे थोडे पिळले जाणे अपेक्षित असते, पण येथे ते सतत एकाच बाजूला आणि मर्यादेबाहेर ताणले जाते. असा बुश लवकरच नळीपासून सुटतो आणि दोष मात्र बुशच्या उत्पादकावर येतो. शिवाय पिळलेले रबर गाडीला वर ढकलत राहते, म्हणून तिची उंचीही किंचित बदलते.

योग्य रीत अशी आहे. काम सुरू करण्यापूर्वी, गाडी सपाट जागी उभी असताना, मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवावे. नवे बुश बसवल्यावर सर्व बोल्ट हाताने, आर्म सहज हलेल इतपतच लावावेत. मग हबच्या किंवा नकलच्या खाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत चाकाची बाजू वर उचलावी आणि त्या स्थितीत बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळावेत. जॅकने उचलताना गाडी स्टँडवरून सुटू लागली तर ताबडतोब थांबावे. मागून हलक्या असलेल्या गाड्यांत असे होते. त्या वेळी चाके लावून गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्यावी, मागचा भाग दोन-तीनदा दाबून सोडावा आणि मग बोल्ट आवळावेत.

काही गाड्यांत उत्पादकाने हे माप किंवा गाडीत ठेवायचे वजन नेमके दिलेले असते. तसे असेल तर स्वतः घेतलेल्या मापापेक्षा तेच प्रमाण मानावे. पॉलियुरेथेनचे घासत फिरणारे बुश आणि बॉल जॉइंट यांना हा नियम लागू होत नाही, कारण त्यांत पिळले जाणारे रबर नसते.

१६. टॉर्क किती द्यावा?

त्या गाडीच्या, त्या वर्षाच्या दुरुस्ती पुस्तिकेत त्या बोल्टसाठी जो आकडा असेल तोच. दुसऱ्या गाडीचा आकडा वापरू नये. अनेक बोल्टना दोन टप्पे असतात : आधी ठरावीक न्यूटन-मीटर आणि मग त्यापुढे ठरावीक अंश फिरवणे. असे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात आणि पुस्तिकेत सांगितले असल्यास पुन्हा वापरता येत नाहीत. आटे तेलकट असतील तर तोच टॉर्क बोल्टला अधिक ताणतो, म्हणून पुस्तिकेत सांगितले नसेल तर आट्यांना वंगण लावू नये.

१७. टॉर्शन बीमचे बुश बदलण्यासाठी अख्खा बीम उतरवावा लागतो का?

अनेक गाड्यांत लागत नाही. बीमला जॅकचा आधार देऊन पुढचे दोन्ही मुख्य बोल्ट काढले की त्याची पुढची टोके ब्रॅकेटच्या खाली आणता येतात, आणि ओढण-साधन तेथेच लावता येते. मात्र बीम खाली येताना ब्रेकचे लवचिक पाइप, हँडब्रेकच्या केबल आणि ए.बी.एस.च्या वायर ताणल्या जातात, म्हणून त्यांचे क्लिप आधी सोडावेत आणि दर थोड्या अंतराला थांबून पाहावे. बीमचे वजन ब्रेक पाइपवर कधीही लोंबू देऊ नये. बीमवर सुट्या कॉइल स्प्रिंग टेकलेल्या असतील आणि शॉकअप सोडावे लागत असतील, तर बीम अत्यंत सावकाश उतरवावा, कारण ताण असलेली स्प्रिंग जोराने निसटू शकते.

काही गाड्यांत बुश ज्या ब्रॅकेटमध्ये असतो तो ब्रॅकेटच बीमसोबत सांगाड्यापासून सुटतो. त्या रचनेत मुख्य बोल्ट पुन्हा जागेवर पोचल्यावर आवळता येत नाही, तो बाहेरच आवळावा लागतो. तेथे प्रश्न १५ चे तत्त्व वेगळ्या प्रकारे पाळावे : ब्रॅकेट आणि बीम यांच्यामधील उत्पादकाने दिलेला कोन राखूनच बोल्ट आवळावा.

१८. बुश बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते का?

होय, आणि ती चारही चाकांची. मागची दोन्ही चाके मिळून ज्या दिशेला बघतात ती रेषा गाडीच्या मध्यरेषेशी जुळली नाही, तर पुढची चाके कितीही नीट असली तरी गाडी तिरकी धावते आणि स्टिअरिंग वाकडे राहते. टॉर्शन बीममध्ये मागच्या चाकांचे कोन बहुधा बदलता येत नाहीत, म्हणून तेथे हे निरर्थक आहे असे मानले जाते. तरीही मोजणी करावी, कारण बीम एका बाजूला सरकून बसला असेल तर तो तिथेच उघड होतो. विकेंद्री बोल्टची खूण (प्रश्न १२) जुळवल्याने गाडी अलाइनमेंटच्या ठिकाणापर्यंत सुखरूप नेण्यापुरती अवस्था साधते, त्याहून अधिक काही नाही.

१९. नवे बुश बसवले, तरी आवाज जात नाही. आता काय?

आवाजाचा प्रकार आधी ठरवावा. सावकाश वर-खाली होताना कुरकुर होत असेल तर बोल्ट चुकीच्या स्थितीत आवळलेला असणे, किंवा पॉलियुरेथेनमध्ये ग्रीस नसणे हे संभाव्य कारण आहे. रबराच्या बुशवर तेल फवारून कुरकुर दाबू नये. ब्रेक लावताना येणारी ‘ठक’ ब्रेकच्या कॅलिपरच्या सैल पिनमुळेही येते. लहान खड्ड्यांवरची सततची खडखड अँटी-रोल बारच्या लिंकमधून किंवा शॉकअपच्या वरच्या माउंटमधून येते. कॉइल स्प्रिंगचे शेवटचे वेटोळे तुटले असेल तरी ते लगेच दिसत नाही, म्हणून स्प्रिंगच्या खालच्या टोकावरून बोट फिरवून पाहावे. सैल एक्झॉस्टचा रबरी हँगर आणि डिकीतला मोकळा जॅक हे दोन किरकोळ गुन्हेगार सस्पेन्शन उघडण्यापूर्वीच तपासावेत.

२०. बुशमधून तेलासारखे काहीतरी गळले आहे. शॉकअप तर कोरडा आहे.

तो द्रव भरलेला हायड्रॉलिक बुश असावा. त्याच्या रबरात दोन कप्पे असतात आणि धक्क्याबरोबर द्रव अरुंद वाटेने एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो, त्यामुळे कंपने शमतात. गळती झाली म्हणजे कप्पा फुटला. रबर बाहेरून अखंड दिसले तरी असा बुश निकामी झालेला असतो आणि तो पुन्हा भरता येत नाही. त्याच्या जागी साधा भरीव बुश बसतो की नाही हे उत्पादकाच्या सुट्या भागांच्या यादीवरून ठरवावे. बसतो म्हणून बसवला तर कंपने वाढण्याची तयारी ठेवावी.

२१. गाडीच्या स्प्रिंग बदलून उंची कमी केली आहे. बुश जुनेच आहेत. त्यांना काही करावे लागते का?

करावे लागते. जुनी विश्रांतीची स्थिती जुन्या उंचीसाठी होती. नव्या उंचीवर आर्मचा कोन बदलला, म्हणजे रबर कायमचे पिळलेले राहिले. स्प्रिंग बसवल्यानंतर रबरी बुशचे सर्व बोल्ट सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळावेत. बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर नवे घ्यावेत. जड सामान वाहण्यासाठी मागे जाड स्प्रिंग बसवून गाडी उंच केली असेल तरी हेच लागू होते. हेडलाइटची पातळी ठरवणारा सेन्सर मागच्या आर्मला जोडलेला असेल, तर त्याची छोटी दांडी बोल्ट सैल करण्यापूर्वी सोडून ठेवावी आणि काम झाल्यावर दिव्यांची पातळी तपासून घ्यावी.

एअर सस्पेन्शनच्या गाडीत मात्र उंची यंत्रणा ठरवते. तेथे आर्म सोडण्यापूर्वी निदान-यंत्राच्या साहाय्याने हवेचा दाब काढावा लागतो आणि बोल्ट यंत्रणेने ठरवलेल्या सामान्य उंचीच्या मापावर आवळावे लागतात. ते यंत्र हाताशी नसेल तर हे काम घरी सुरू करू नये.